तिसऱ्याची कोरी वही

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको काकू, तिचं चाक निघालंय, मागच्या आठवड्यात आमचे शिपाई भंवरजी पडले तिच्यावरून. ही घ्या. गार वाटतंय ना? वाटणारच. बाहेर एप्रिलचं ऊन आणि इथं अठरा डिग्री—माणसांसाठी नाही हो, त्या मशीनसाठी. आम्ही इथं भर उन्हाळ्यात शाली पांघरून बसतो. पदर घ्या खांद्यावरून. पाणी? शास्त्री नगरहून मिनी बसनं आलात, म्हणजे मधे एकदा बदललीही असणार, या उन्हात, या गुडघ्यांनी. खरं तर काकांनी स्वतः—नाही, समजलं. ते नाही यायचे. त्यांच्या जागी मी असते तर मीही नसते आले. बघू तो येणं-देणं नसल्याचा फॉर्म. अकाउंट्स झालं, स्टोअर झालं, लॅब, हॉस्टेल, जिमखाना—जिमखान्याची सही कशाला लागते लायब्रेरियनला? काका काय क्रिकेटची बॅट पिशवीत घालून नेणार होते? आणि लायब्ररीचीही झाली. बावीस वर्षं काकांनी त्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या फॉर्मवर सह्या केल्या, आता त्यांच्या फॉर्मवर तिथं कुणीतरी—असो. अकरा झाल्या. बारावी माझी राहिली. कॉम्प्युटर सेंटर, इन-चार्ज. हो, करते ना, करते. सव्वातीनच तर झालेत. प्रिन्सिपलसाहेब साडेचारला दिल्लीला निघणार, त्याच्या आत फॉर्म त्यांच्या टेबलावर पाहिजे, माहितीये मला. पेन कुठं ठेवलं मी?

काका काय करतात दिवसभर? —म्हणजे वाचत असतील. नाही? अजिबात नाही? हं. मग बसून असतात म्हणा. दूध आणायलाही तुम्हीच जाता का? मला वाटलंच. तुमच्या गल्लीत ते दुधाचं बूथ, आणि तिथं आपल्याच मराठी मंडळातले दोघंतिघं सकाळी उभे असतात, त्यांच्यासमोर जायचं म्हणजे—लोक काही बोलत नाहीत हो, तोंडावर तर नाहीच, पण एकदम गप्प होतात ना, तेच जास्त लागतं. एकोणसाठ वर्षांचा माणूस. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. आणि आरोप काय, तर सलोनी मॅडमना, म्हणजे मुलीच्या वयाच्या लेक्चररला, खोट्या नावानं तसली घाणेरडी मेल पाठवली. काकांनी! ज्यांना 'अंतर्वस्त्र' म्हणायचं झालं तर आधी खाकरावं लागतं! —सॉरी. हसण्यासारखं नाहीये, माहितीये. मला असं होतं, टेन्शन आलं की नको तिथं हसू येतं. तरी साहेबांनी पोलिसांत दिलं नाही एवढं बरं. राजीनामा द्या, सह्या गोळा करा, गुपचूप जा—यावर मिटवलं. मिटवलं म्हणजे… काकू, काका माझ्याबद्दल काही म्हणाले? काहीतरी म्हणाले असतील ना. शिव्या? काहीच नाही? एकदाही नाव नाही घेतलं? मतलब, मी चौकशी कमिटीपुढं साक्ष दिली, मी मशीनमधून काढलेल्या प्रिंटवरून त्यांना दोषी धरलं, आणि माझं नावसुद्धा—हे मात्र वाईट आहे हां. शिव्या तरी द्यायच्या.

ते बघा, काचेच्या पलीकडे. काळं, उभं, हिरवे दिवे लुकलुकतायत ते. तेच ते. सगळं त्याच्या पोटात. तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नसेल की काकांना नेमकं कशावरून पकडलं. सांगू? पाच मिनिटं लागतील. तुम्ही शाळेत शिकवायचात, तुम्हाला चटकन कळेल. हे बघा, कॉलेजात कुणीही कॉम्प्युटरवर एखादी साइट उघडली ना, तर तो कॉम्प्युटर स्वतः बाहेर जात नाही. तो या मशीनला सांगतो, अमुक पान आणून दे. हे मशीन बाहेर जातं, पान आणतं, हातात देतं. आणि आणलं की स्वतःच्या वहीत एक ओळ लिहितं—किती वाजता, कुठलं पान. त्या वहीला लॉग म्हणतात. या आणून देणाऱ्याला प्रॉक्सी म्हणतात. प्रोग्राम असतो तो, माणूस नाही, पण मी आपली माणसासारखंच बोलते त्यांच्याबद्दल, सवय झाली. तर असे तीन हवे होते. एक ऑफिसचा, एक लायब्ररीचा, एक हॉस्टेलचा. वेगळे का? कारण लायब्ररीची ती परदेशी जर्नलं, काकांनीच भांडून मंजूर करून घेतलेली, ती कंपनी लायब्ररीला पत्त्यावरून ओळखते—ठरावीक एका पत्त्यावरून विचारलं तरच वाचायला देते. म्हणून लायब्ररीचा आणून देणारा वेगळ्या पत्त्यानं बाहेर पडायचा. ऑफिसचा वेगळ्या. हॉस्टेलच्या पोरांना आणखी वेगळा, त्यांच्यावर बंधनं जास्त. मी साहेबांना म्हटलं, तीन मशीन द्या. तर म्हणाले, 'मैडमजी, एक में ही एडजस्ट कर लीजिए।' केलं एडजस्ट.

आणि होतं बरं का, व्यवस्थित होतं, तसं अवघड काही नाही—मीच करते म्हणून सांगते, इथं दुसऱ्या कुणाला जमत नाही. एका मशीनवर तीन प्रॉक्सी ठेवायचे म्हणजे एका घरात तीन भाडेकरू ठेवण्यासारखं. प्रत्येकाचं दार वेगळं पाहिजे, कोठीची खोली वेगळी पाहिजे, पत्ता वेगळा पाहिजे, वही वेगळी पाहिजे, आणि दारावरची नावाची पाटी वेगळी पाहिजे. हे सगळं एका फाइलीत लिहून द्यायचं असतं, प्रत्येकाची स्वतंत्र फाइल. दार एकच दिलंत तर दुसरा उठतच नाही, तिथंच बोंब मारतो. कोठी एकच दिलीत तर एकमेकांचा माल तुडवतात आणि दोघंही आडवे होतात. पाटीचं तर—पहिल्या वर्षी मी दोघांना एकच पाटी लावली होती, आणि लायब्ररीचा बंद करायला गेले तर बंद पडला ऑफिसचा! साहेब तेव्हा मंत्रालयाची कुठलीतरी साइट उघडून बसलेले. अर्धा तास नुसता गोंधळ. काकांनी तेव्हा मला सांभाळून घेतलं, म्हणाले, वीज गेली होती साहेब. वीज कुठली गेली होती, वर पंखा फिरत होता. काका आयुष्यात एकदाच खोटं बोलले असतील तर ते माझ्यासाठी.

—हां जी? हां जी सर। बस, साइन ही कर रही हूँ। हां, मेरे सामने ही बैठी हैं। जी। दस मिनट। जी सर।

साहेबांचा पीए. विचारतोय, फॉर्म कुठं अडकलाय. घाई बघा सगळ्यांना. कुठं होते मी? हां, तिसरा. ऑफिसचा आणि लायब्ररीचा दोन वर्षं गुण्यागोविंदानं नांदत होते. मार्चमध्ये साहेबांनी हॉस्टेलच्या पोरांना कबूल करून टाकलं की तुम्हाला या शुक्रवारपासून नेट. मला सांगितलं त्याच शुक्रवारी, नऊ मार्चला, दुपारी अडीचला. त्या दिवशी माझ्या अनुयाचा दहावीचा गणिताचा पेपर झालेला, ती एकटी घरी, रडत फोन करत होती की शेवटचं प्रमेय चुकलं, आमचे हे तिकडे बाडमेरला, बदली होऊन सहा महिने झाले, विद्याधर नगरच्या त्या घरात आम्ही दोघीच. तर मी काय केलं—कुणीही करतं हो, यात वेडंवाकडं काही नाही—नवीन फाइल कशाला लिहीत बसा, लायब्ररीची फाइल उचलली, तिची नक्कल केली, वर हॉस्टेलचं नाव टाकलं आणि एकेक ओळ बदलत गेले. दार बदललं. पाटी बदलली. कोठी बदलली. चालू केलं. पहिल्या झटक्यात उठला! कुणी बोंब मारली नाही, कुणी कुणाला पाडलं नाही. मी पर्स उचलली आणि घरी गेले. आता तुम्ही मला विचाराल—नाही, तुम्ही काही विचारत नाही, मीच सांगते—पाच गोष्टी वेगळ्या लागतात म्हटलं ना मघाशी? मी बदलल्या तीन.

तुम्ही मोजल्या. मला दिसलं. मास्तरणीचं डोकं.

पत्ता राहिला आणि वही राहिली. दार, पाटी, कोठी चुकली तर मशीन ओरडतं. पत्ता आणि वही चुकली तर ते काहीसुद्धा बोलत नाही, हीच तर गंमत—गंमत नाही, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते. दोघं एकाच वहीत लिहीत राहतात. भांडण नाही, तंटा नाही. एक ओळ याची, एक ओळ त्याची, आणि वहीवर नाव लायब्ररीचं. बाहेर जातानाही दोघं एकाच पत्त्यानं. मशीनला वाटतं सगळं छान चाललंय, मलाही वाटतं सगळं छान चाललंय. तुम्ही म्हणाल, ओळीत लिहिलेलं नसतं का कुठल्या कॉम्प्युटरवरून आलं ते? असतं. एरवी असतं. पण आमच्याकडे पुढं एक गाळणी बसवलीये, वाईट साइटी अडवायला, तीही साहेबांचीच हौस. प्रत्येक मागणी आधी त्या गाळणीतून येते, मग वहीत सगळ्यांसमोर एकच लिहिलं जातं, गाळणीकडून आली. टेबल कुणाचं ते उरतच नाही. वही कुणाची, एवढंच उरतं.

आणि मग आला रविवार. अकरा मार्च. दुपारी बारा चाळीसला सलोनी मॅडमना ती मेल आली. त्यांनी सोमवारी तक्रार केली, कुणीतरी माहीतगारानं मेल कुठून निघाली तो पत्ता काढून दिला, तर पत्ता निघाला लायब्ररीचा. मला सांगितलं, लायब्ररीची वही काढा. मी काढली, अकरा तारीख, बारा तीस ते बारा पन्नास, आणि होत्या ना ओळी! ती फुकटची मेलवाली साइट, बारा अडतीसला उघडली, बारा चाळीसला पाठवली. रविवारी लायब्ररी बंद. किल्ली कुणाकडं? काकांकडं. आणि काका आले होते त्या रविवारी, मार्चअखेरची पुस्तकांची मोजणी करायला, एकटे. हे कुणी सांगितलं? त्यांनीच! कुणी पाहिलं नव्हतं त्यांना, मागच्या दारानं आले होते. 'मी घरी होतो' एवढं म्हणाले असते तर संपलं असतं सगळं. तर म्हणाले, 'मी होतो, सकाळी दहा ते दोन, एकटा होतो, मशीनला हात लावला नाही.' पहिले दोन भाग कमिटीनं लिहून घेतले आणि तिसऱ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

नका, काकू. रडू नका. —नाही रडत? मग अशा का बघताय? मी मुद्दाम केलं नाही हो. नक्कल करताना दोन ओळी राहतात, कुणाच्याही राहतात. मी तरी इथं एकटी, हाताखाली कुणी नाही, दर जूनला माझं कॉन्ट्रॅक्ट नव्यानं होतं, नऊ वर्षं झाली, अजून कायम नाही केलेलं.

कधी कळलं? नंतर. बरंच नंतर कळलं मला. मागच्या आठवड्यात म्हणा ना. सहज बघत होते, डिस्कमध्ये जागा किती राहिली ते, तर हॉस्टेलच्या वहीसमोर आकडा शून्य. मला आधी वाटलं चष्म्याचा दोष. दोनशे पोरं, नेट मिळून आठवडा झालेला, दिवसरात्र बसतात ती, आणि वहीत एक ओळ नाही. कोरी. मग लायब्ररीची वही उघडली, तर चार कॉम्प्युटरच्या लायब्ररीच्या वहीत दिवसाला साठ हजार ओळी, क्रिकेटचा स्कोअर, सिनेमाची गाणी, काय नि काय. म्हणजे ती मेलही हॉस्टेलातूनच गेलेली. मी त्या दिवशी फक्त वीस मिनिटांच्या ओळी काढून दिल्या होत्या ना, बाकी वही बघितलीच नव्हती. आणि पहिला हात कुठं गेला, तर फाइल दुरुस्त करायला. विचार नाही केला हो, चूक दिसली की बोटं आपोआप जातात, मीठ कमी लागलं की हात डब्याकडं जातो तसं. दोन्ही ओळी बदलल्या, हॉस्टेलचा पुन्हा चालू केला, नव्या वहीत भराभर ओळी पडायला लागल्या, आणि मग लक्षात आलं की मी हे काय केलं, कारण पावणेनऊ झालेले आणि अकराला कमिटीपुढं—

अकराला म्हणजे…

बोटं कसली मोजताय? मोजू नका. हो. त्याच दिवशी. सोळा मार्च, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. 'नेट मिळून आठवडा' म्हटलं ना मी, त्यावरून धरलंत. धरा. मागचा आठवडा नाही, कमिटीच्या आधी सव्वादोन तास. झालं समाधान? मला माहीत होतं. मी वर गेले, काका समोर बसलेले, पांढरा सदरा, बाहेर चप्पल काढून आत आलेले जसं काही देवळात आलेत, आणि चेअरमननी मला विचारलं, 'मैडम, लॉग में गलती हो सकती है?' मी सगळं सांगणारच होते, शपथ, तोंडही उघडलं होतं. आणि मी म्हणाले, 'लॉग झूठ नहीं बोलता, सर।' सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनीही हलवली. हो, काकांनीही! त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास की त्यांना वाटलं, गिरिजा म्हणते तर मशीनमध्ये असणार तसं, आपल्यालाच काहीतरी कळत नसेल.

का म्हणजे? सांगितलं ना, कॉन्ट्रॅक्ट. अनुयाची अकरावीची अ‍ॅडमिशन. यांचा पगार दोन घरांत वाटला जातो. नुसती चूक केली असती तर ओरडून सोडून दिलं असतं, पण मी ओळी बदलून बसले होते, आता कुणाला खरं वाटलं असतं की हात आपोआप गेला? म्हणाले असते, पुरावा नष्ट केला. मलाच पोलिसांत दिलं असतं. आणि—नाही, काही नाही. आणि काय? तुम्हाला ऐकायचंच आहे? ऐका मग. दर गणपतीत, दर कोजागरीला, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, चार माणसं जमली की काका म्हणायचे, 'हिला मी लावली कामाला.' खांद्यावर हात ठेवून, कौतुकानं, कबूल आहे, कौतुकानंच. पण नऊ वर्षं! मी रात्री जागून पुस्तकं वाचून हे सगळं शिकले, मला कुणी शिकवलं नाही, हे तीन प्रॉक्सी उभे केले ते मी, आणि ओळख काय तर, हिला मी लावली. चेअरमननी विचारलं ना तेव्हा, त्या एका क्षणात, तेही कुठंतरी होतं. थोडंसंच होतं. पण होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते, यांनासुद्धा नाही, तुम्हाला कशाला सांगितलं देव जाणे. तुम्ही एक शब्द बोलत नाही ना, म्हणून होतं हे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही त्यामुळेच आले नाही. तुम्हाला वाटलं असेल, बाकीच्यांसारखी हीही टाळतेय, आरोप झालेल्या माणसाच्या घरी कशाला जा. तसं नव्हतं हो. किती जणी आल्या? —तीन? दरवर्षी चाळीस-चाळीस बायका, जिन्यापर्यंत चपला, तुमची ती आंब्याची डाळ, पातेलंभर पन्हं. कुणी प्यायलं ते सगळं? मी निघाले होते, काकू. साडी नेसून, गजरा घालून, तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते रिक्षानं. तिथून परत फिरवली. रिक्षावाला म्हणाला, क्या भूल गईं मैडमजी. म्हटलं हो, काहीतरी विसरलं.

किती वाजले? पावणेचार. चला. बोलून बरं वाटलं. तुम्हालाही निदान कळलं की काका निर्दोष आहेत—तुम्हाला माहीतच होतं म्हणा, पण आता पक्कं कळलं. घरी गेल्यावर त्यांना सांगा हवं तर, हळूच, की मशीनचाच घोळ होता. फक्त बाहेर कुठं—

काय म्हणालात?

लिहून?

नाही काकू. नाही, ते नाही. लिहून कसं देणार? मी एवढं सगळं सांगितलं ते तुम्ही घरच्या म्हणून, काकू म्हणून, माणुसकी म्हणून. कागदावर कसं येणार ते? कागदावर आलं की माझं घर बसेल. आणि तुम्ही वर जाऊन साहेबांना सांगितलंत तर मी म्हणेन, मी असं काही बोललेच नाही. म्हणेन हां, आत्ताच सांगून ठेवते. तुमच्याकडं काय पुरावा आहे? बाईमाणूस, नवरा अडकलेला, काहीही बोलणारच, असं म्हणतील ते. मला वाईट वाटेल, पण मी म्हणेन. चला, फॉर्म इकडं करा. हे बघा, पेन खिशातच होतं माझ्या. कुठं करू सही, इथं ना? द्या.

द्या ना.

घडी कशाला घालताय? काकू, सही राहिलीये. अहो, पिशवीत कुठं टाकताय, सही झाल्याशिवाय फॉर्मचा उपयोग काय, बारापैकी एक जरी रिकामी राहिली तरी साहेब घेत नाहीत, राजीनामा मंजूरच होत नाही. असा नियमच आहे. तीस तारखेपर्यंत मंजूर झाला नाही तर तो रद्द धरतात, मग काकांना परत कामावर घ्यावं लागेल, नाहीतर चौकशी नव्यानं, सगळी पहिल्यापासून, आणि या खेपेला घरातली कमिटी चालत नाही, बाहेरचा माणूस आणावा लागतो, जाणकार, तो काय साक्ष विचारत बसणार आहे, तो सरळ मशीन उघडेल, आणि कुठलीही फाइल शेवटची कधी बदलली ते तिच्यावर तारीख-वेळेसकट पडलेलं असतं, सोळा मार्च, आठ बेचाळीस, ते तसंच आहे, मी पुसलं नाही, पुसता येतं मला, पुसलं नाही, आणि त्या साठ हजार ओळीही तिथंच आहेत, त्याला पाच मिनिटंही लागायची ना—

…

बसा ना. उठू नका. अजून वेळ आहे. पाणी घ्या थोडं, या गारठ्यातून एकदम उन्हात जाऊ नका. काकू, मी गाडी करून देते शास्त्री नगरपर्यंत. अनुयाचा निकाल लागू दे, जून जाऊ दे, मग मी स्वतः येते, काकांच्या पाया पडते, सगळं सांगते. फॉर्म काढा. एकच सही आहे हो. मघाशी तुम्ही माझ्या मागं लागला होतात ना सहीसाठी? मी करते म्हणतेय. ही बघा, पेन उघडून उभी आहे.

काकू, दाराशी थांबा. तुमच्या पाया पडते. सही घेऊन जा.